वस्तीत पुनर्वसन योजना आली, तर रहिवाशांनी काय करावे

मुंबईतील बहुतेक वस्त्यांत पुनर्वसनाची योजना सरकारी पत्राने येत नाही. आधी काही माणसे मोजणीच्या फिती घेऊन गल्लीत फिरतात, मग मंडळाच्या खोलीत किंवा शाळेच्या पटांगणात बैठक होते, नव्या इमारतीचे रंगीत चित्र भिंतीवर लागते, आणि चर्चा पुरती संपण्यापूर्वीच घरोघरी सह्या गोळा होऊ लागतात. पुढील मजकूर या टप्प्यावर उभ्या असलेल्या रहिवाशांसाठी आहे. तो मुंबई शहर व उपनगरांतील नियमांवर आधारलेला आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी वेगळे प्राधिकरण व वेगळी नियमावली आहे, त्यामुळे तेथील वाचकांनी यातील कामाची पद्धत घ्यावी, पण आकडे आपल्या प्राधिकरणाकडून तपासून घ्यावेत.

रहिवाशांच्या हाती सर्वांत जास्त ताकद असते तो काळ फार थोडा असतो. योजनेची पहिली चाहूल लागल्यापासून संमतीचा आकडा निम्म्याच्या पुढे जाईपर्यंतच तो टिकतो. त्यानंतरही लढता येते आणि लोक जिंकतातही, परंतु तेव्हा जे मिळवायला वर्षे आणि वकिलाची फी लागते, तेच आधी एका ठरावात मिळू शकले असते. म्हणून येथे सुरुवातीच्या काळावरच अधिक लिहिले आहे.

योजनेचा व्यवहार समजून घ्या

झोपडपट्टी पुनर्वसनाचा पाया १९७१ चा महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र अधिनियम हा आहे. मोफत घराची आजची योजना आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘एसआरए’, १९९५ मध्ये आले. विकासकाने पात्र झोपडीधारकांना मोफत घरे बांधून द्यायची आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या वाढीव चटई क्षेत्रातून, म्हणजे त्याच जागेवरील जादा बांधकामाच्या परवानगीतून, विक्रीची इमारत उभी करून आपला खर्च व नफा काढायचा, असा हा व्यवहार आहे. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधील विनियम ३३(१०) मध्ये त्याचे तपशील दिलेले आहेत. घराचे क्षेत्रफळ सुरुवातीला २२५ चौरस फूट होते, पुढे २६९ झाले आणि आता ३०० चौरस फूट चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापराची जागा, आहे. ही वाढ आपोआप झालेली नाही. प्रत्येक टप्प्यावर रहिवाशांच्या मागण्यांचा रेटा त्यामागे होता.

हे सारे सांगण्याचे कारण असे की बैठकीत अनेकदा रहिवाशांशी उपकार केल्यासारखे बोलले जाते. ज्या दलदलीवर, उतारावर किंवा नाल्याच्या काठावर कोणी राहायला तयार नव्हते, ती जागा भराव टाकून, नळ आणून, गटारे काढून राहण्याजोगी करण्याचे काम वस्तीनेच केलेले असते, आणि विक्रीच्या इमारतीचा नफा त्याच जागेतून येणार असतो. रहिवासी या व्यवहारातला एक पक्ष आहेत आणि पक्षाप्रमाणेच त्यांनी अटी मांडल्या पाहिजेत.

पहिले काम म्हणून जमीन कोणाची आहे ते शोधा. जमिनीच्या मालकाची नोंद असलेली मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून मिळते आणि आता ऑनलाइनही काढता येते. जमीन महापालिकेची, म्हाडाची, जिल्हाधिकाऱ्यांची, खासगी मालकाची, की रेल्वे, विमानतळ, बंदर यांसारख्या केंद्रीय संस्थेची आहे, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. केंद्राच्या जमिनीवर राज्याची योजना तिच्या परवानगीशिवाय लागू होत नाही. अशा वस्तीत कोणी विकासक सह्या घेत असेल, तर आधी त्या परवानगीची प्रत मागावी. वस्ती १९७१ च्या अधिनियमाच्या (पुढील कलमेही त्याचीच) कलम ४ खाली झोपडपट्टी म्हणून किंवा कलम ३क खाली पुनर्वसन क्षेत्र म्हणून घोषित आहे का, हेही विचारून घ्यावे. विकास आराखड्यात जागेवर रस्ता, बाग, शाळा असे आरक्षण असल्यास महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात आराखडा पाहून त्याची नोंद करून ठेवावी, कारण “तुमची जागा रस्त्यात जाते” हे वाक्य लोकांना घाबरवून सही घेण्यासाठी सर्रास वापरले जाते.

घरचे कागद एका पिशवीत आणा

योजना येवो न येवो, हे काम आजच करावे. पात्रतेचा प्रश्न दोन तारखांभोवती फिरतो. १ जानेवारी २००० किंवा त्यापूर्वीपासूनच्या झोपडीत आजही राहणाऱ्या कुटुंबाला घर मोफत मिळते. त्या तारखेनंतरच्या पण १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांना सशुल्क घर मिळते आणि त्यासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये अडीच लाख रुपये ही रक्कम ठरवली. दोन्ही बाबतींत दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. त्या तारखेला झोपडी होती आणि आज तुम्ही तेथेच राहता, याचे स्वतंत्र पुरावे लागतात.

जुन्या पुराव्यांत त्या वर्षाच्या मतदार यादीतील नाव सर्वांत वजनदार ठरते. त्याखालोखाल फोटोपास (झोपडीधारकाचे सरकारी छायाचित्र ओळखपत्र), १९७६ च्या झोपडपट्टी गणनेची पावती, वीज देयक, शिधापत्रिका, दुकान असल्यास गुमास्ता परवाना, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरील पत्ता, असे कागद उपयोगी पडतात. जुनी मतदार यादी घरात नसली, तरी निवडणूक कार्यालयातून तिची प्रमाणित प्रत मागता येते. ते काम एकेकट्याने करण्यापेक्षा गल्लीतील वीस-पंचवीस घरांनी मिळून करावे. कागदांवरील नावांत फरक असेल, म्हणजे एका ठिकाणी माहेरचे नाव, दुसऱ्या ठिकाणी सासरचे, तिसऱ्या ठिकाणी आडनावाची वेगळी बाराखडी, तर त्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. अपात्रतेच्या कितीतरी नोंदी केवळ अशा फरकांमुळे झालेल्या असतात. मूळ झोपडीधारक वारला असेल, तर मृत्यू दाखला आणि वारसांची संमती लागते. झोपडी विकत घेतलेली असेल, तर विकणाऱ्याचे जुने पुरावे आणि व्यवहाराचे कागद लागतात, आणि विकणारा गावी परत गेला असल्यास त्याला गाठण्याचे काम कठीण होत जाते, म्हणून ते पुढे ढकलू नये.

मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, समितीच्या पदाधिकाऱ्यालाही नाही आणि नात्यातल्या माणसालाही नाही. छायाप्रत द्यावी, तिच्यावर कशासाठी दिली ते व तारीख लिहावी आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. कोऱ्या कागदावर, कोऱ्या मुद्रांकावर किंवा न वाचलेल्या इंग्रजी मजकुराखाली सही अथवा अंगठा देऊ नये. पावसात कागद भिजतात आणि आगीत जळतात, म्हणून प्रत्येक कागदाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ते वस्तीबाहेर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडेही पाठवून ठेवावे.

संमती: सगळा लढा येथे आहे

खासगी विकासकामार्फत होणाऱ्या योजनेला पूर्वी ७० टक्के पात्र झोपडीधारकांची संमती लागत असे. ती मर्यादा आता ५१ टक्के आहे. सार्वजनिक यंत्रणा स्वतः योजना राबवत असेल तर संमतीची अट शिथिल होते. मर्यादा खाली आल्याचा परिणाम वस्तीत राहणाऱ्यांना लगेच कळतो: पूर्वी ३० टक्के लोक ठाम राहिले तर विकासकाला बोलणी करावी लागत, आता जवळपास निम्मी वस्ती ठाम राहावी लागते. शिवाय एकदा हा आकडा ओलांडला आणि आशयपत्र, म्हणजे योजनेला प्राधिकरणाची मंजुरी देणारे पत्र, निघाले, की संमती न देणाऱ्यांसाठी घर राखून ठेवले जाते, त्यांना सामील होण्यास मुदत दिली जाते, आणि तरीही ते आले नाहीत तर कलम ३३ व ३८ खाली त्यांना हटवता येते. त्या योजनेतील आपल्या घरावरचा हक्क ते गमावू शकतात. या टप्प्यावर एकट्या कुटुंबाने नुसते दार लावून बसणे धोक्याचे आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे. नकार द्यायचा असेल तर तो वेळेत, गटाने आणि लेखी कारणांसह द्यावा.

म्हणून सह्या सुरू होण्यापूर्वी गल्लीवार प्रतिनिधी नेमावेत. दर पंधरा-वीस घरांमागे दोन प्रतिनिधी असावेत आणि त्यांपैकी एक स्त्री असावी, कारण दिवसभर वस्तीत कोण येते, कोणाच्या घरी कोण बसते, कोणाला काय आश्वासन मिळते, याची खरी खबर बायकांना असते. प्रतिनिधींनी घरांची यादी स्वतः करावी: झोपडी क्रमांक, कुटुंबप्रमुख, राहणारी माणसे, पोटमाळा, दुकान किंवा घरातला धंदा, हाती असलेले पुरावे. ही यादी पुढे सरकारी यादीशी ताडून पाहता येते. गल्ल्यांमध्ये बोगस झोपड्या दाखवून संमतीचा आणि पात्रतेचा आकडा फुगवण्याचे प्रकार होतात. वस्तीची स्वतःची यादी हाच त्यावरचा उपाय आहे.

प्रस्तावित गृहनिर्माण संस्थेची समिती आणि मुख्य प्रवर्तक कोण, हे सर्वसाधारण सभेत ठरले पाहिजे. सभेची लेखी सूचना प्रत्येक घरी गेली का, विषयपत्रिकेत विकासकाची निवड हा विषय होता का, उपस्थितांनी स्वतः सह्या केल्या का, हे तीन प्रश्न नंतर प्रत्येक वादात निघतात. सभेला सहकार विभागाचा अधिकारी असावा आणि तिचे चित्रीकरण व्हावे, अशी मागणी आधी पत्राने करावी. इतिवृत्त त्याच दिवशी मागावे. सभा झालीच नसेल किंवा गणपूर्ती नसताना ठराव दाखवला असेल, तर दहा-वीस रहिवाशांनी सह्यांचे पत्र प्राधिकरणाच्या वांद्रे पूर्वेतील कार्यालयात देऊन त्याची पोच घ्यावी. आवक क्रमांक व शिक्का नसलेल्या पत्राचा पुढे काही उपयोग होत नाही.

खार पूर्वेच्या गोळीबार वस्तीतील अनुभव येथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेथील गणेश कृपा सोसायटीच्या रहिवाशांनी संमतिपत्रांवरील सह्या बनावट असल्याचा आरोप केला, माहितीच्या अधिकारात कागद काढले आणि तोडक कारवाईसमोर ते उभे राहिले. २००४-०५ मधील मोठ्या पाडकामानंतर आकाराला आलेले घर बचाओ घर बनाओ आंदोलन त्यांच्यासोबत होते. मे २०११ मध्ये मेधा पाटकर यांनी तेथे उपोषण केले, तेव्हा राज्य सरकारला चौकशीचे आश्वासन द्यावे लागले. रस्त्यावरच्या त्या आंदोलनाला बळ होते ते हातातल्या कागदांचे. कागद होते म्हणून शासनाला ऐकावे लागले, आणि लोक रस्त्यावर होते म्हणून कागद वाचले गेले. यातले एकच करून भागत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय व साधारण दीडशे शब्दांची मर्यादा पाळावी लागते, आणि शुल्क १० रुपये असते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे प्रथम अपील करावे. विषय मात्र नेमका हवा. “योजनेची सर्व माहिती द्यावी” असे लिहिल्यास टाळाटाळीला वाव मिळतो. त्याऐवजी विकासकाच्या निवडीच्या सभेचे इतिवृत्त व उपस्थितीपत्रक, संमतिपत्रांच्या प्रती, विकासकाची आर्थिक क्षमता दाखवणारे परिशिष्ट ३, मंजूर नकाशा, अशी एकेका अर्जात एकेक मागणी करावी.

विकासकाची चौकशीही याच काळात करावी. त्याने पूर्वी हाती घेतलेल्या योजना कोठे आहेत ते विचारून रविवारी दहा-पंधरा जणांनी तेथे जावे, आणि समितीच्या माणसांऐवजी जिन्यात भेटणाऱ्या सामान्य रहिवाशांशी बोलावे: भाडे किती महिने थकले, किती वर्षांनी ताबा मिळाला, लिफ्ट चालते का, पाणी किती वेळ येते. विक्रीच्या इमारतींची नोंद महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. तेथे प्रकल्पाची मुदत, वाढवलेल्या तारखा आणि न्यायालयीन वाद पाहता येतात. या दोन कामांतून एवढे कळते, की माहितीपत्रकाची गरज उरत नाही.

परिशिष्ट २ आणि अपील

संमतीनंतर सक्षम प्राधिकारी झोपडीधारकांची पात्र-अपात्र यादी जाहीर करतो. तिलाच परिशिष्ट २ म्हणतात. सर्वेक्षणाच्या दिवशी घर बंद राहिले तर नोंद चुकते, म्हणून कामावर जाणाऱ्या कुटुंबांनी शेजाऱ्याला चावी व कागदांच्या प्रती देऊन ठेवाव्यात आणि सर्वेक्षकाने लिहिलेले नाव, क्षेत्रफळ व वापर जागेवरच वाचून घ्यावा. घरात पापड, शिवणकाम, जरीकाम किंवा सुटे भाग जोडण्याचे काम चालत असेल, तर त्याची नोंद आग्रहाने करून घ्यावी. पात्र दुकानदाराला त्याच्या मूळ जागेएवढे, पण २२५ चौरस फुटांपर्यंत क्षेत्र मोफत मिळू शकते. नोंद नुसती ‘निवासी’ झाली तर दुकानाचा हा हक्क जातो.

प्रारूप यादी लागताच तिची छायाचित्रे काढावीत व हरकती मुदतीत द्याव्यात. अंतिम यादीत अपात्र ठरवले असल्यास कारण लिहिलेले असते. ते कारण शब्दशः वाचून त्यालाच उत्तर देणारा पुरावा जोडावा. कलम ३५ खालील अपिलाला ३० दिवसांची मुदत आहे, म्हणून आदेश कोणत्या तारखेला हाती पडला याचा पुरावा, म्हणजे पाकीट किंवा पोच, जपून ठेवावा. योजनेविषयीच्या मोठ्या तक्रारी शिखर तक्रार निवारण समितीकडे व त्यानंतर उच्च न्यायालयात नेता येतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, आणि १५१०० या क्रमांकावर त्याची प्राथमिक माहितीही मिळते. वस्तीतील अपील करणाऱ्यांत या गटांतील नावे पुढे ठेवल्यास हे साहाय्य लवकर मिळू शकते.

अपात्रांना बाजूला टाकू नका

हे वेगळे लिहिण्याचे कारण असे, की वस्तीत फूट बहुतेक वेळा येथूनच पडते. पोटमाळ्यावर राहणारी कुटुंबे सर्वसाधारण योजनेत मोजली जात नाहीत, २०११ नंतर आलेली कुटुंबे यादीबाहेर राहतात, आणि पात्र लोकांना सांगितले जाते की या लोकांमुळे तुमची इमारत अडली आहे. पात्र रहिवाशांनी हे ऐकू नये, असे माझे ठाम मत आहे. आज शेजारी अपात्र असतो, उद्या परिशिष्टात आपल्याच भावाचे किंवा विवाहित मुलीचे नाव तसे येते, आणि संमतीचा आकडा अडवायला तेव्हा कोणीच उरलेले नसते.

धारावीतही हाच प्रश्न सर्वांत मोठा ठरला आहे. तेथे २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र रहिवाशांना धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले आहे, आणि त्यानंतर आलेल्यांना व वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना धारावीबाहेर वेगळ्या अटींवर घरे देण्याची योजना आहे. त्यासाठी मुलुंड-भांडुप परिसरातील मिठागरांच्या जमिनी आणि देवनारच्या कचराभूमीची जागा पुढे आली, तेव्हा धारावीच्या रहिवाशांनी “धारावीतच घर” ही मागणी लावून धरली. कुंभारवाड्यातील भट्टी, चामड्याचे कारखाने, इडली-चकल्यांचे घरगुती उद्योग हे सर्व गिऱ्हाइक, कच्चा माल आणि मजूर चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे चालतात. लांब नेलेल्या माणसाला घर मिळाले, तरी त्याचा धंदा जागीच सुटतो.

लांबच्या पुनर्वसनात काय होते, हे माहुलने दाखवले आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतून हजारो कुटुंबे तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या माहुलमध्ये पाठवली गेली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच तेथील हवा आरोग्याला धोकादायक असल्याचे म्हटले होते. रहिवाशांनी विद्याविहारला जलवाहिनीच्या कडेला एक वर्षाहून अधिक काळ ठिय्या दिला, न्यायालयात धाव घेतली, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अन्यत्र राहता यावे म्हणून दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत देण्याचा आदेश दिला. म्हणून दूरची जागा देऊ केली गेली तर संमतीपूर्वी तेथे जाऊन शाळा, दवाखाना, बस, हवा, आणि घरकाम करणाऱ्या बायकांना कामावर पोहोचायला लागणारा वेळ व पैसा यांची नोंद करावी आणि ती लेखी हरकतीत घालावी.

करार, भाडे आणि नकाशा

घर रिकामे करण्यापूर्वी प्रत्येक पात्र झोपडीधारकाचा वैयक्तिक करार व्हावा, आणि नियमानुसार तो पती-पत्नी दोघांच्या नावे असावा. करार मराठीत मागावा. त्यात घराचे चटई क्षेत्र, इमारत त्याच जागी होणार की अन्यत्र, ताब्याची मुदत, भाड्याची रक्कम व दरवर्षीची वाढ, भाडे थकल्यास काय, आणि पर्यायी घराची सोडत प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यासमोर होईल हे लिहिलेले असावे. बैठकीत दिलेले जे आश्वासन करारात येत नाही, ते मिळणार नाही असे समजूनच निर्णय घ्यावा.

भाड्याचा प्रश्न सर्वांत जास्त कुटुंबांना रस्त्यावर आणतो. पहिले काही महिने धनादेश वटतात, मग इमारत रखडते, भाडे बंद होते, आणि झोपडी पाडलेली असल्यामुळे परतायला जागा नसते. थकबाकीच्या असंख्य तक्रारींनंतर प्राधिकरणाने २०२३ मध्ये विकासकांना दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्यास आणि त्यापुढील वर्षाचे धनादेश देण्यास सांगितले. ही रक्कम जमा झाल्याचे प्राधिकरणाचे पत्र पाहिल्याशिवाय घर रिकामे करू नये. भाड्याऐवजी संक्रमण शिबिर, म्हणजे इमारत होईपर्यंतची तात्पुरती घरे, मिळणार असेल, तर तेथील पाणी, शौचालये आणि पावसाळ्यातील अवस्था स्वतः पाहून यावे. भाडे थकले तर पहिल्याच महिन्यात गटाने तक्रार करावी. वर्षाची थकबाकी साचेपर्यंत थांबू नये.

नकाशाबद्दल रहिवासी कमी विचारतात. पुनर्वसनाच्या जागेत दर हेक्टरी किमान ६५० घरे बसवावी लागतात आणि इमारतींमधल्या मोकळ्या अंतरात सवलती मिळतात. त्याचा परिणाम गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड व मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंडमध्ये दिसतो. तेथील घरांचा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला आणि खालच्या मजल्यांवर, जेथे ऊन व वारा पोहोचत नाही, तेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यातून दिसले. यासाठी एखाद्या वास्तुशास्त्र महाविद्यालयातील शिक्षक-विद्यार्थ्यांची मदत मागावी आणि मंजूर नकाशा वस्तीच्या भिंतीवर मोठा करून लावावा. दोन इमारतींत अंतर किती, प्रत्येक खोलीला खिडकी बाहेर उघडते का, लिफ्ट किती, बालवाडी व संस्थेचे कार्यालय कोठे, पुनर्वसनाची इमारत आधी उभी राहणार की विक्रीची, ही उत्तरे नकाशावरून आणि परवानग्यांवरून मिळतात.

नोटीस आली, बुलडोझर आला

१९८५ मध्ये ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. त्याच निकालाने रीतसर प्रक्रियेने हटवण्यास मोकळीकही ठेवली, म्हणून लढा बहुतेक वेळा प्रक्रिया पाळली गेली का यावर येऊन ठेपतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची कारणासह नोटीस, सुनावणी आणि चित्रीकरण बंधनकारक केले. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी यांवरील अनधिकृत बांधकामांना मात्र हे संरक्षण लागू नाही, ही मर्यादाही लोकांना सांगितली पाहिजे. राज्य शासनाच्या २०२१ च्या निर्णयानुसार १ जून ते ३० सप्टेंबर या काळात राहती घरे पाडू नयेत. पवईच्या जयभीम नगरातील घरे जून २०२४ मध्ये पाडली गेली, तेव्हा याच निर्णयाचा आधार घेऊन रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने विशेष तपास पथकामार्फत चौकशीचा आदेश दिला.

नोटीस मिळाली की तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहून छायाचित्र काढावे, तिच्यातील कलम वाचावे आणि मुदत संपण्यापूर्वी लेखी उत्तर द्यावे. पथक प्रत्यक्ष आले, तर दोन माणसांनी अधिकाऱ्याकडे आदेशाची प्रत मागावी, काहींनी चित्रीकरण करावे, आणि बाकीच्यांनी मुले, वृद्ध, गरोदर बाया, औषधे व कागद आधी सुरक्षित हलवावेत. धक्काबुक्की होऊ देऊ नये. गुन्हा दाखल झालेल्या तरुणांमुळे पुढची कित्येक वर्षे वस्तीचा पैसा जामिनात जातो. पाडकाम झालेच, तर पंचनाम्याची प्रत मागावी आणि नुकसानीची यादी त्याच संध्याकाळी सह्यांसह करावी.

योजना रखडली तर

मुंबईत अडकून पडलेल्या योजना इतक्या आहेत, की हा टप्पा अपवाद मानता येत नाही. विकासक अटी पाळत नसेल, तर कलम १३(२) खाली प्राधिकरण त्याला काढून दुसरा नेमू शकते. बोरिवलीच्या हरिहर कृपा सोसायटीने २००३ मध्ये नेमलेल्या विकासकाने दोन दशके काम पूर्ण केले नाही, तेव्हा त्याला हटवण्याचा निर्णय जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. या कायद्याखालील १,६१२ प्रकरणे उच्च न्यायालयात प्रलंबित असल्याची नोंद घेऊन त्याच निकालात या कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घेण्यासही त्या न्यायालयाला सुचवण्यात आले. तेव्हा रखडलेल्या योजनेतील रहिवाशांनी बांधकामाची दरमहा तारखेसह छायाचित्रे, थकलेल्या भाड्याचा तक्ता आणि पाठवलेल्या पत्रांच्या पोचा जमा ठेवाव्यात. १३(२) च्या अर्जाला वजन याच कागदांनी येते. अर्जापूर्वी सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा आणि त्यात नव्या विकासकाचे नाव घालण्याची घाई करू नये, कारण एका बिल्डरच्या जागी दुसऱ्याला आणण्यासाठीच रहिवासी वापरले गेले, असा आरोप लगेच होतो.

ताब्याचा दिवस

इमारत राहण्यास योग्य असल्याचे भोगवटा प्रमाणपत्र असल्याशिवाय किल्ली घेऊ नये. घर मोजून घ्यावे, नळ, मलवाहिन्या, विजेची जोडणी आणि लिफ्ट तपासावी, व त्रुटींची यादी ताबापावतीवरच लिहावी. संस्थेच्या देखभालीसाठी विकासकाने प्राधिकरणाकडे दर घरामागे जी रक्कम भरायची असते, ती भरली का आणि तिचे व्याज संस्थेला कसे मिळेल, हे पहिल्या सभेत विचारावे, कारण लिफ्टचे वीज देयक आणि पाण्याच्या पंपाचा खर्च पहिल्याच महिन्यापासून सुरू होतो आणि तो न झेपल्यामुळेच अनेक कुटुंबे मिळालेले घर भाड्याने देऊन पुन्हा झोपडीत जातात. पहिल्या पावसाळ्यात ज्या ज्या घरात गळती दिसेल त्याची छायाचित्रांसह एकत्र तक्रार प्राधिकरणाच्या अभियांत्रिकी विभागाकडे द्यावी, आशयपत्रातील दोषदुरुस्तीच्या अटीचा उल्लेख करावा आणि तिची पोच घ्यावी.